कोहिमाची चूल

कोहिमा पाहून आलेल्या पर्यटकाच्या मोबाइलमध्ये दोन फोटो हमखास सापडतात. एक, डोक्यावर पिसांचा मुकुट आणि हातात भाला घेतलेल्या नर्तकाचा. दुसरा, बाजारातल्या घमेल्यात वळवळणाऱ्या अळ्यांचा. दोन्ही फोटो खरेच असतात, पण एवढ्यावर परतलेल्या माणसाला कोहिमा भेटलंच नाही, असं म्हणावं लागतं. हे गाव कळतं ते चुलीपाशी. चुलीवरच्या मांडवात धुरात काय टांगलंय, कोपऱ्यात पानांत बांधून काय ठेवलंय, ताटात भात केवढा वाढला जातो, हे बघत बसलं की या डोंगरांचा पाऊस, शेती, लढाया आणि पाहुणचार एकेक करून उलगडू लागतात.

नागालँड १ डिसेंबर १९६३ रोजी देशाचं सोळावं राज्य झालं, तेव्हापासून कोहिमा त्याची राजधानी आहे. उंची आपल्या महाबळेश्वरच्या आसपासची. मात्र साहेबांनी हवा खायला वसवलेलं हे ठिकाण नव्हे. अंगामी नागांचं जुनं, मोठं गाव इथल्या टेकडीवर आधीपासून होतं, आणि ब्रिटिशांनी १८७८ मध्ये आपलं ठाणं इथे आणलं ते या गावावर आणि भोवतालच्या गावांवर नजर ठेवायला. ते मूळ गाव आजही शहराच्या वरच्या अंगाला आहे. लोक त्याला बडा बस्ती म्हणतात. गाव चार खेलांमध्ये विभागलेलं आहे; खेल म्हणजे एका कुळाच्या किंवा जवळच्या कुळांच्या लोकांची वस्ती. खाली पसरलेलं शहर मात्र सिमेंटचं, डोंगराच्या धारेवर एकावर एक चढलेलं, अरुंद रस्त्यांचं आणि सतत ट्रॅफिक तुंबलेलं. थंड हवेच्या ठिकाणी असते तशी छत्र्यांची, घोड्यांची आणि मक्याच्या कणसांची चौपाटी शोधणाऱ्याची इथे निराशा होते.

रेल्वे किंवा विमानाने दिमापूर गाठायचं आणि तिथून सत्तरेक किलोमीटर चढाचा रस्ता. पावसाळ्यात या रस्त्यावर दरडी कोसळतात, म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा. भारतीय पर्यटकालाही नागालँडमध्ये शिरायला इनर लाइन परमिट लागतं. ते ऑनलाइन मिळतं. त्याचं मूळ १८७३ च्या ब्रिटिश कायद्यात आहे. दिमापूरला त्यातून सूट होती, तीही डिसेंबर २०१९ मध्ये संपली. आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. देशाच्या पूर्व टोकाला दिवस लवकर मावळतो. डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला अंधारून येतं आणि दुकानांची दारं लागू लागतात. शिवाय २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातले जवळपास ८८ टक्के लोक ख्रिस्ती आहेत, त्यामुळे रविवारी शहर चर्चमध्ये असतं. बाजार बघायचा तर रविवार टाळावा.

बाजारात बसलेल्या जवळजवळ सगळ्या बायकाच. समोर वाटे मांडलेले: राईचा पाला, आल्याच्या गाठी, झाडटोमॅटो, जाडजूड नागा काकड्या, रानातून खुडून आणलेल्या अनेक भाज्या. पुढे गेलं की गोगलगायी, खेकडे, पाण्याने भरलेल्या टबात वाम आणि प्लास्टिकच्या पिशवीत जिवंत बेडूक. एरी रेशमाचे किडे, आणि ज्यांसाठी गिऱ्हाईक चांगली किंमत मोजतं त्या गांधीलमाशीच्या अळ्या, पोळ्याच्या तुकड्यासकट. हे उपासमारीतून आलेलं खाणं आहे, ही बाहेरच्यांची समजूत किमती ऐकल्या की गळून पडते. गांधीलमाशीची अळी इथे चैनीची वस्तू आहे. काही गावांमध्ये रानातलं छोटं पोळं अलगद उचलून घराजवळ आणून पुरतात आणि ते वाढेपर्यंत महिनोन् महिने वाट पाहतात. रेशमाच्या किड्याचा हिशेबही साधा आहे. कोषाचं सूत होतं आणि आतला किडा पोटात जातो, काहीच वाया जात नाही.

कुत्र्याच्या मांसाचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. राज्य सरकारने २०२० मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली होती. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो आदेश रद्द केला. हे मांस काही समाजांत खाल्लं जातं, सर्रास सगळीकडे नाही, आणि नागा स्वयंपाकाची ओळख त्यावरून करून घेणं म्हणजे चार पानी पत्राचा फक्त ताजा कलम वाचणं होय.

ओळख करून घ्यायची तर धुरापासून सुरुवात करावी. पारंपरिक नागा घरात चूल जमिनीवर, तीन दगडांची, आणि तिच्या वर बांबूचा मांडव. डुकराच्या मांसाच्या चरबीसकट कापलेल्या लांब पट्ट्या त्यावर दिवसेंदिवस, कधी काही आठवडे लटकतात. धुराने मांस काळपट आणि घट्ट होतं, चरबी पिवळसर होते, आणि ते टिकतं. वर्षातले निम्मे महिने ढगात आणि पावसात बुडालेल्या डोंगरात उन्हाचा भरवसा नसतो. शीतकपाट आलं ते अगदी अलीकडे. जेवण रोज तिथेच शिजत असल्याने धुरासाठी वेगळं सरपणही लागत नाही. एकाच विस्तवावर आजचा भात आणि पुढच्या महिन्याचं मांस, दोन्ही तयार होतात.

टिकवण्याची दुसरी युक्ती आंबवण्याची. सूमी नागांचं अखुनी त्यात सर्वांत प्रसिद्ध. सोयाबीन भिजवून मऊ शिजवायचं, पाणी काढून केळीच्या पानांत बांधायचं आणि चुलीच्या उबेला ठेवून द्यायचं. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत, थंडीत आठवड्याभरात दाण्यांवर चिकट तार सुटते. मग ते कुटून गोळा करतात आणि पानात गुंडाळून पुन्हा चुलीवर. जपानमध्ये नात्तो नावाने जे सोयाबीन मिटक्या मारत खाल्लं जातं, त्याचं हे सख्खं भावंड. दोन्हीमागे बॅसिलस जातीचे जिवाणू काम करत असतात. आओ नागांची अनिशी तर मराठी स्वयंपाकघराला आणखी जवळची, कारण ती अळूच्या पानांची. पानं एकावर एक रचून झाकून ठेवायची, पिवळी पडली की वाटायची, थापून चपट्या वड्या करायच्या आणि धुरावर वाळवायच्या. धुरातल्या डुकराच्या मांसात अनिशीची वडी कुस्करून घातली की रस्सा काळाभोर होतो आणि त्याला खोल, मातकट चव येते.

बांबूच्या कोंबांचंही तसंच. कोवळे कोंब चेचून टोपलीत दाबून ठेवले की आंबट पाणी निथळतं. ते बाटल्यांत भरून विकतात आणि माशाच्या कालवणात घालतात, आणि उरलेला चोथा वाळवून वर्षभर वापरतात. विदर्भात पावसाळ्यात वास्त्यांची भाजी खाणाऱ्याला याचं नवल वाटायचं कारण नाही. मिचिंगा नावाचा पाला तोंडात टाकला की जिभेला झिणझिण्या येतात. गोव्या-कोकणात बांगड्याच्या हुमणात पडणाऱ्या तिरफळाच्याच कुळातलं हे झाड. या साऱ्या पदार्थांत तेल जवळजवळ नसतं. मसाल्याचा डबाही नाही. आलं, लसूण, मिरची, एक आंबवलेली वस्तू आणि पाणी. पहिल्या घासाला हे जेवण साधं, अगदी फिकं वाटू शकतं. चौथ्या-पाचव्या घासाला कळतं की मसाल्याने झाकला जाणारा मांसाचा, पाल्याचा, धुराचा स्वाद इथे उघडा ठेवलेला आहे.

आणि मिरची? राजा मिर्चा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इथल्या मिरचीला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचीच जातकुळी असलेली भूत जोलोकिया २००७ मध्ये गिनीजच्या नोंदीत जगातली सर्वांत तिखट मिरची ठरली होती; तिखटपणा मोजण्याच्या स्कोव्हिल मापावर तिने दहा लाखांचा आकडा ओलांडला होता. पर्यटक तिच्याशी पैजा लावतात. नागा घरात पातेलंभर रश्शाला एखादी मिरची पुरते, आणि ती घालतात ती तिच्या वासासाठीही. हा फळासारखा, किंचित गोडसर वास तिखटाच्या धाकाने पळालेल्याला कधी कळतच नाही.

नवख्या माणसाने गाल्होपासून सुरुवात करावी. तांदूळ, हाताला येतील ते पाले, थोडं धुरातलं मांस किंवा अखुनी एकत्र शिजवलेली ही पातळसर, गरम खिचडी अंगामींच्या घरी थंडीत होते. शाकाहारी माणसालाही ती मांसाविना करून मिळते, फक्त ते आधी सांगावं लागतं.

आंबवलेल्या पदार्थांच्या वासांनी नागा मुलामुलींना घरापासून दूर बराच मनस्ताप दिला आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी ती दिल्ली, बंगळुरू, पुण्या-मुंबईला येतात, भाड्याच्या खोलीत अखुनी शिजवतात आणि शेजारी तक्रार करतात. दिल्ली पोलिसांनी २००७ मध्ये ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचनापुस्तिका काढली होती, तिच्यात बांबूचे कोंब आणि अखुनी यांसारखे वासाचे पदार्थ शेजारपाजाऱ्यांना त्रास न देता करावेत, असा सल्ला होता. सल्ला मुलांना होता, शेजाऱ्यांना नव्हता. दिग्दर्शक निकोलस खारकोंगोर यांनी २०१९ मध्ये केलेला 'अखुनी' हा चित्रपट याच विषयाचा आहे: दिल्लीत मैत्रिणीच्या लग्नासाठी अखुनी घालून डुकराचं मांस शिजवायला निघालेल्या मित्रमैत्रिणींची एका दिवसाची धावपळ. सोसायटीत सुकट भाजली म्हणून बोलणी खाल्लेल्या कोकणी कुटुंबाने तो जरूर पाहावा.

उलट दिशेने गेलेली माणसंही आहेत. डहाणूत जन्मलेले नटवर ठक्कर काकासाहेब कालेलकरांच्या प्रेरणेने १९५५ मध्ये आओ नागांच्या मोकोकचुंग भागातल्या चुचुयिमलांग गावी गेले. तो काळ नागा बंडखोर आणि भारत सरकार यांच्यातल्या सशस्त्र संघर्षाचा होता आणि बाहेरच्या माणसाकडे संशयाने पाहिलं जात होतं. त्यांनी तिथे गांधी आश्रम काढला, लेंतिना आओ यांच्याशी लग्न केलं आणि २०१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या भूमीशी नातं टिकवलं.

बाहेरून आलेल्या सैन्यांची खूणही इथे आहे: कोहिमाच्या मध्यावर, गॅरिसन हिलच्या उतारावर, दुसऱ्या महायुद्धातलं युद्धस्मशान. १९४४ च्या एप्रिल ते जून या काळात जपानी सैन्य आणि ब्रिटिश-भारतीय सैन्य इथे इतकं जवळ येऊन भिडलं की उपायुक्तांच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट ही दोन फळ्यांमधली जागा झाली. त्या कोर्टाच्या रेषा आज पांढऱ्या सिमेंटने आखून ठेवल्या आहेत. इथे १,४२० कबरी आहेत, आणि वरच्या बाजूला ९१७ हिंदू व शीख सैनिकांचं दहनस्मारक. कबरींच्या रांगा बघून पर्यटक खाली उतरतात. दहनस्मारकापर्यंत फार थोडे चढतात, आणि चढायला हवं.

लढाईच्या इतिहासात तोफांइतकाच तांदूळ महत्त्वाचा आहे. जनरल कोतोकू सातो यांची ३१ वी डिव्हिजन सुमारे तीन आठवड्यांची शिधासामग्री घेऊन डोंगर ओलांडून आली होती. पुढची रसद शत्रूच्या कोठारांतून आणि नागा गावांमधून मिळेल, असा हिशेब होता. गावांतलं भात, डुकरं, गाईगुरं सैन्याने उचलली. बडा बस्ती या लढाईत उद्ध्वस्त झाली. नागा माणसांनी जखमींना डोंगरावरून वाहून नेलं, वाटा दाखवल्या, जपानी हालचालींच्या बातम्या आणल्या. शेवटी अन्न आणि दारूगोळा मिळत नाही म्हणून सातोंनी वरिष्ठांची आज्ञा मोडून माघार घेतली. ज्या घरांची कोठारं रिकामी झाली, त्या घरांची बाजू मात्र बरीच वर्षं इतिहासाच्या पुस्तकांत आली नाही. कोहिमात जन्मलेल्या लेखिका ईस्टरिन कीरे यांची 'मारी' ही कादंबरी या वेढ्याच्या दिवसांकडे एका नागा तरुणीच्या नजरेने पाहते.

या लढाईशी मराठी माणसाचाही धागा आहे. कोहिमाकडे निघालेल्या याच डिव्हिजनच्या तुकड्यांना मार्च १९४४ च्या अखेरीस मणिपूरच्या सांगशाक या तांखुल नागा गावापाशी काही दिवस अडवून धरलं गेलं, आणि अडवणाऱ्यांत ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. सांगशाक पडलं, पण तिथे गेलेल्या दिवसांनी कोहिमाला तयारीला वेळ मिळाला.

कोहिमाहून पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर खोनोमा आहे. एकच दिवस हाती असेल तर तो खोनोमाला द्यावा. १८७९ मध्ये ब्रिटिश पोलिटिकल एजंट दामंत या गावाच्या वेशीवर मारला गेला, मग ब्रिटिशांनी गावाला वेढा घातला आणि १८८० मध्ये तह झाला. नागा राष्ट्रवादाचे नेते अंगामी झापू फिझो याच गावचे. आज दगडी पायऱ्यांच्या वाटा स्वच्छ असतात आणि खाली खोऱ्यात भाताची पायरीशेती उतरत जाते. पायरीच्या वर, उतारावरच्या शेतात, आल्डरची झाडं दिसतात. फांद्या छाटून बुंधा राखलेली. या झाडाच्या मुळांवरच्या गाठींमध्ये हवेतला नत्र मातीत आणणारे जिवाणू असतात. फांद्यांचं सरपण होतं, पानांचं खत. त्यामुळे फिरत्या शेतीत जमीन थोड्याच वर्षांच्या विश्रांतीनंतर पुन्हा पीक देते, नवं जंगल तोडावं लागत नाही. शेतीशास्त्रज्ञ ही पद्धत अभ्यासायला इथे येतात.

शिकार हा नागा पुरुषाच्या मानाचा भाग. तरीही खोनोमाने १९९८ मध्ये आपल्या हद्दीतलं सुमारे वीस चौरस किलोमीटर जंगल राखीव केलं आणि शिकार थांबवली. ब्लिथ्स ट्रॅगोपान हा लालभडक मानेचा, दुर्मीळ होत चाललेला रानकोंबड्यासारखा पक्षी वाचावा, ही त्यामागची तळमळ होती. सरकारी हुकूम नव्हता; गावसभेत वर्षानुवर्षं वाद घालून झालेला निर्णय होता. गावात घरगुती मुक्कामाची सोय आहे, आणि पाहुण्याला चुलीभोवती बसून जेवू घालतात. जेवणाआधी प्रार्थना होते. भात भरपूर वाढतात, आणि नको असेल तर हात आडवा करण्याऐवजी आधीच थोडा घ्यावा.

हॉर्नबिल महोत्सवाचं काय, असा प्रश्न येणारच. १ ते १० डिसेंबर या काळात कोहिमापासून बारा किलोमीटरवरच्या किसामा इथे तो भरतो. राज्य सरकारने २००० मध्ये सुरू केला. राज्यातल्या प्रत्येक जमातीचं मोरुंग, म्हणजे पूर्वी तरुण मुलगे एकत्र राहून शिकत ती वास्तू, तिथे बांधलेली आहे, आणि प्रत्येक मोरुंगात चूल पेटलेली असते. एका फेरीत लोथांचे बांबूचे कोंब, सूमींचं अखुनी, आओंची अनिशी चाखता येते, आणि अंगामींची झुथो ही मोड आलेल्या तांदळाच्या पिठाने आंबवलेली पांढरी पेजेसारखी बिअर बांबूच्या पेल्यात मिळते. १९८९ च्या कायद्याने राज्यात दारूबंदी असली तरी झुथोचं स्थान वेगळं मानलं जातं. महोत्सवाने विणकर, गायक, लाकडावर कोरीव काम करणारे यांना गिऱ्हाईक मिळवून दिलं, हे मोलाचं आहे. त्याचा तोटाही आहे. वेगवेगळ्या भाषांचे, वेगवेगळ्या ऋतूंत सण करणारे समाज एका मैदानात, एका वेळापत्रकात बसवले जातात आणि पाहणाऱ्याला नागा म्हणजे एकच जमात वाटू लागते. अंगामींचा सेक्रेन्यी फेब्रुवारीच्या अखेरीस गावागावांत होतो. मुलंमुली एकत्र बसून दिवसभर गातात, आणि ते कुणा प्रेक्षकासाठी नसतं. गर्दी टाळायची तर तो काळ अधिक चांगला.

ज्याच्या नावाने हा महोत्सव भरतो तो धनेश मात्र इथल्या रानांतून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. मुकुटांत आता बरेचदा कृत्रिम पिसं वापरतात, आणि तो चांगलाच बदल आहे.

नागा शाली विकत घेताना एक पथ्य पाळावं. कमरेला पट्टा अडकवून विणायच्या मागावर बायका या शाली विणतात आणि प्रत्येक जमातीची, कधी कधी प्रत्येक मानाची शाल वेगळी असते. आओंची त्सुंगकोतेप्सू पूर्वी पराक्रम गाजवलेल्या किंवा गावजेवण घातलेल्या पुरुषानेच पांघरायची. दुकानदाराला आधी विचारावं की ही कुणाची आणि कोण पांघरतं. तो, किंवा बहुधा ती, आनंदाने सांगते.

बाजार, माग, शेत आणि चूल बायकांच्या हाती असली तरी गावसभा आणि राजकारण पुरुषांचंच राहिलं. नागालँडच्या विधानसभेत पहिल्या स्त्रिया निवडून आल्या त्या २०२३ मध्ये, राज्य स्थापन झाल्यावर साठ वर्षांनी: हेकानी जखालू आणि, कोहिमा जिल्ह्यातल्या वेस्टर्न अंगामी मतदारसंघातून, साल्होउतुओनुओ क्रुसे. नगरपालिकांमध्ये ३३ टक्के जागा स्त्रियांना देण्यावरून इतका विरोध झाला की २०१७ मध्ये कोहिमाच्या नगरपालिकेची इमारत जाळण्यात आली. अखेर जून २०२४ मध्ये, वीस वर्षांच्या खंडानंतर, त्या निवडणुका आरक्षणासह झाल्या. नव्या नगरसेविकांपुढचे प्रश्न बाजारात बसणाऱ्या बाईला तोंडपाठ आहेत. हिवाळ्यात नळ आटतात आणि टँकरचं पाणी विकत घ्यावं लागतं, उतारावर कचरा साचतो, पावसात रस्ता खचला की गावाकडून येणारी भाजी वाटेतच सडते. हिवाळ्यात तिथे जाणाऱ्याने हॉटेलात अंघोळीला एकच बादली मिळाली तर कुरकुर करू नये.